सुरंगीचं गाऱ्हाणं

आमच्या चाळीच्या चौकात एक झाड आहे आणि ते वाढत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याची पोटभर थट्टा करून घेतली आहे. "काय गं, तुमचं झाड अजून बालवाडीतच का?" असं तिसऱ्या मजल्यावरची बाई मला वरून ओरडून विचारायची. मी पण काही कमी नाही. "तुमचा मुलगा दहावी पास झाला की हे पण पहिलीत जाईल," असं मी जिन्यातूनच ऐकवायचे. मग ती दार आपटायची आणि आठवडाभर माझ्याशी बोलायची नाही. मला काय फरक पडतो? दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी असते मी. शंभर साड्या उलगडायला लावून एकही न घेणाऱ्या बायकांशी हसून बोलायचं कसब माझ्याकडे आहे, पण ते मी दुकानातच ठेवून येते.

ही काळाचौकीची गोष्ट. चाळ जुनी, आमची खोली पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. खोलीत मी आणि आई. मी लग्न केलं नाही, हे एकदाच सांगते, पुन्हा विचारायचं नाही. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते गिरणीत होते. गिरणी बंद पडली, संप लांबत गेला, तेव्हा आमच्या घरातलं सगळं हळूहळू कमी होत गेलं, आणि त्या वर्षी शिमग्याला गावी जायचं पण राहिलं. आई वेंगुर्ल्याकडची. फाल्गुन आला की तिच्या गावात सुरंगी फुलते. सुरंगी म्हणजे रानातलं झाड, जाड हिरव्यागार पानांचं, आणि फुलं येतात ती थेट फांदीला चिकटून, घोसच्या घोस. पहाटे कळ्या काढायच्या आणि त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे करायचे. वास असा की बाई गल्लीतून गेली तरी मागे राहतो. आई त्या वर्षी गॅलरीत बसून रडली होती. पैशासाठी नाही, घरात डाळ नव्हती म्हणून नाही, सुरंगी चुकली म्हणून रडली.

बाबांना ते लागलं. पुढे कधीतरी एकटेच गावी गेले, तेव्हा त्यांनी देवाच्या राईतून सुरंगीची दोन रोपं आणायचं ठरवलं. आता हे सोपं नव्हतं. राई म्हणजे देवाचं रान, तिथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही असा गावचा नियम. बाबांनी देवाला कौल लावला. देवाने उजवा कौल दिला, म्हणजे परवानगी मिळाली. एक रोप त्यांनी गावच्या घरासमोर लावलं आणि दुसरं ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने मुंबईला आणलं. चौकात नळाच्या बाजूला खड्डा खणताना सगळी चाळ जमली होती. "काम गेलं तरी वास तरी येऊ दे घरात," असं बाबा म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत होते. मला वाटलं, पुढच्या फाल्गुनात फुलं.

कसली फुलं! गावचं झाड वाढलं, घराच्या कौलांच्या वर गेलं, माडाशी स्पर्धा करायला लागलं, फुललं, आणि त्याच्या फुलांचे चुलत्यांच्या सुनांनी वळेसर करून बाजारात विकले. त्याच राईतलं, त्याच हाताने लावलेलं आमचं झाड मात्र पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी येऊन थांबलं. खोड माझ्या मनगटापेक्षा थोडं जाड. पान गावच्या पानाच्या निम्मं. दिवाळी झाली की पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या व्हायच्या, आणि होळीपर्यंत अर्धी पानं गळून जायची. जे झाड गावाला बारा महिने हिरवंगार, ते इथे टक्कल पडल्यासारखं. चाळीतले म्हणायचे, मुंबईची माती वाईट. कोणी म्हणायचं, समुद्राची माती, खारट आहे. कोणी म्हणायचं, राईतलं आणलंय ना, देव रागावलाय. देव रागावला असता तर गावचं झाड कसं वाढलं? पण हे विचारलं की लोक घरात चहा उकळत असल्याचं आठवून निघून जायचे.

माती वाईट नव्हती. त्याच मातीत नळाशेजारी केळ यायची आणि घड द्यायची. वाईट होती ती हवा. हे मला कोणी शिकवलं नाही, आमच्या दुकानाने शिकवलं. दुकानात काचेच्या आत ठेवलेली पांढरी साडी दोन आठवड्यांत पिवळट पडते. घड्या झटकल्या की खालची फरशी मळते. मालक ओरडतो, मग आम्ही सगळ्या मिळून प्लास्टिक घालतो. मला एकदा काउंटरवर उभ्या उभ्याच वाटलं, अरे, साडीला प्लास्टिक आहे, आमच्या सुरंगीला कोण घालतंय? घरी आले आणि पानावरून बोट फिरवलं. बोटाला काळा चिखलासारखा थर. पान मागून बघितलं, तर तिथे पण तेच. झाडाला नाक नसतं, पानाच्या पाठीवरच्या बारीक छिद्रांतून ते हवा घेतं, एवढं शाळेत शिकले होते. ती छिद्रंच बुजलेली. वरून उजेड नाही, खालून हवा नाही. मग वाढणार कसं, कपाळ?

आणि याचा पुरावा सगळ्या चाळीने डोळ्यांनी पाहिला आहे, फक्त आता कोणाला आठवत नाही. ज्या वर्षी सगळं बंद पडलं, रोगाच्या भीतीने माणसं घरात बसली, त्या वर्षी पुलावरून गाडी नाही, गोदीचे ट्रक नाहीत, शेजारच्या गिरणीच्या जमिनीवरचं बांधकाम थांबलेलं. आम्हाला गॅलरीतून शिवडीकडचं आकाश निळं दिसायला लागलं. लोक घाबरलेले होते, मी पण होते, उगाच शूरपणा सांगणार नाही. पण सुरंगी घाबरली नव्हती. त्या पावसाळ्यात तिला लालसर कोवळी पालवी आली ती थांबेचना. पानं मोठी, जाड, गावच्यासारखी. आणि पुढच्या फाल्गुनात, बांधकाम अजून बंदच होतं तेव्हा, एका सकाळी आई गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली. मी धावत गेले. मला वाटलं पडली. ती कठड्याला धरून उभी होती आणि हाताने फांदी दाखवत होती. फांदीवर मोत्यांसारख्या कळ्या, घोस.

बाबा नव्हते बघायला. आईने त्या कळ्या स्वतः काढल्या, स्वतः वळेसर केला, आणि आरशासमोर उभी राहून केसांत माळला. विधवा बाईने गजरा माळायचा म्हणजे काय, हे चाळीत सांगायला नको. समोरच्या गॅलरीतून कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी तर सरळच म्हणाली, "या वयात शोभतं का?" आईने तिथूनच उत्तर दिलं, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं, "माझ्या घोवान लायलेला झाड. मी नाय माळूचो तर कोणी माळूचो? तुया?" मी जोरात हसले. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच वाढदिवसाला झाला नव्हता.

मग जग पुन्हा सुरू झालं. ट्रक आले, पूल भरला, शेजारी थांबलेलं बांधकाम दुप्पट जोराने सुटलं. आमच्या भिंतीला लागूनच सिमेंट कालवायचं यंत्र बसवलं. जुन्या गिरणीच्या भिंती फोडायला ब्रेकर लावले. धूळ अशी की दोरीवरचा टॉवेल वाळायच्या आधी ताठ व्हायचा. सुरंगी पुन्हा फुलली नाही. आधी वरची पानं गेली, मग शेंडा वाळला. आणि त्याच काळात आईला दमा लागला. आमच्याच मजल्यावर जिन्याजवळ एक ताई राहतात, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत. बौद्ध कुटुंब, त्यांचे वडील आणि माझे बाबा गिरणीत एकाच खात्यात होते. ताईंनी आईची छाती ऐकली आणि मला बाहेर गॅलरीत बोलावून स्पष्ट सांगितलं, "हे औषधाने पूर्ण जाणार नाही. धूळ कमी झाली तर आई चालतील, बोलतील. नाही झाली तर खाटेवर येतील. ते झाड कठड्यापुढे आहे म्हणून इकडे जरा तरी कमी येते. तिकडच्या टोकाच्या खोल्या बघ, भांड्यांवर थर असतो." मी बघून आले. खरंच, झाडाआडच्या आमच्या दोन-तीन खोल्यांत धूळ कमी होती. झाड स्वतः गुदमरत होतं आणि आईच्या वाटची धूळ अंगावर घेत होतं.

तेव्हापासून मी ते धुवायला लागले. सकाळी नळाला पाणी येतं तेवढ्या वेळात पाइप लावायचा आणि खालून वर, पान न पान. पहिल्यांदा उत्साहात भांडी घासायचा साबण लावला, तर आठवड्यात पानं वळली. ताईंनी मला वेडी ठरवलं. "पेशंटला सर्फमध्ये बुडवतेस होय गं?" म्हणाल्या. मग फक्त पाणी. चाळीत नवीन नाव पडलं मला, झाडाची न्हावीण. पाण्यावरून भांडणं झाली. आमचा सेक्रेटरी, म्हणजे चाळीच्या कमिटीचा, माझ्याच वयाचा, एकाच शाळेतला, खाली येऊन म्हणाला, "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तू झाडाला आंघोळ घालतेस?" मी म्हटलं, "तुझी स्कूटर रोज धुतोस ते कुठलं पाणी, गंगेचं?" माणसाकडे उत्तर नसलं की तो ते लक्षात ठेवतो.

त्याने ठेवलं. गणपतीच्या आधी कमिटीची मीटिंग झाली आणि ठरलं की झाड काढायचं. कारणं तयारच होती. शेंडा वाळलाय, वादळात कोणाच्या डोक्यात पडेल. मंडपाला जागा लागते. शेजारच्या साइटचा मॅनेजर चौकात फुकट पेव्हर ब्लॉक बसवून देणार होता आणि वर कुंड्यांमध्ये शोभेची पाम. झाड धोकादायक म्हणून रीतसर परवानगीचा कागद पण आणला होता. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. शिमग्याला गावाहून आणलेलं तिथल्या सुरंगीचं पान आणि आमच्या झाडाचं पान, दोन्ही टेबलावर ठेवली. म्हटलं, "एका देवाच्या राईतली दोन भावंडं आहेत ही. एकाला हवा मिळाली, एकाला तुमच्या पेव्हर ब्लॉकवाल्याची धूळ. ज्याला मारलं त्यालाच फाशी देणार तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाला, "हे बघ, भावनेचा विषय नको करू. वाढत नाही, फुलत नाही, सुकलंय. सगळ्यांचं ठरलंय." मी म्हटलं, "माझ्या आईचं ठरलंय का विचारलंस?" तो म्हणाला, "आईला त्रास होतो तर गावाला नेऊन ठेव ना." हे ऐकून माझं डोकं असं सटकलं की ताईंनी मला हाताला धरून बाहेर काढलं.

घरी आले, आईला सांगितलं. ती खाटेवर टेकून बसली होती. बोलायला तिला श्वास जुळवावा लागायचा, म्हणून ती महिना-दोन महिने फारशी बोलतच नव्हती, खुणा करायची. मी सगळं सांगितलं, गावाला नेऊन ठेव हे पण सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं रडते आहे. तिने बोटाने आधी झाड दाखवलं, मग स्वतःची छाती दाखवली, आणि हात सरळ आडवा हलवला. म्हणजे ते गेलं की मी पण गेले. मला तेव्हा भीती वाटली, खरंच. आणि भीतीच्या मागोमाग असा संताप आला की मी जेवण टाकून गॅलरीत उभी राहिले.

पण आमची माणसं कोकणातली. परवानगीचा कागद असला तरी राईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायला हात थरथरतोच. सेक्रेटरीच्या बायकोने नवऱ्याला सांगितलं, आधी नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, देवाची क्षमा मागा, मग काय ते करा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं म्हणणं. एक माणूस एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला होकार देतात. होकार दिला की शब्द दिला, मग फिरायचं नाही. एका जरी वाक्याला होकार आला नाही, तर गाऱ्हाणं अपुरं राहिलं, सगळं फुकट. चाळीत हे काम वर्षानुवर्षं बाबा करायचे. त्यांच्यानंतर एक म्हातारे काका करायचे, ते आता कायमचे गावी गेले. नव्या पोरांना आरत्या मोबाइलवर बघून म्हणाव्या लागतात, गाऱ्हाणं कुठून येणार? तेव्हा कोणाला तरी आठवलं की बाबांची मुलगी लहानपणी त्यांच्या शेजारी उभी राहून सगळं तोंडपाठ म्हणायची.

सेक्रेटरी स्वतः आला दाराशी. मान खाली. "तुझं आणि माझं जे असेल ते असेल. देवाचं काम आहे. तुला येतं ना?" मी म्हटलं, "बाईमाणसाने घातलेलं चालेल?" तो म्हणाला, "आता कोण बघतंय." मी आईकडे बघितलं. आई पापणीही न हलवता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "येते." ताईंना कळलं तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. "त्यांच्या पापाला तू मंत्र म्हणणार?" मी म्हटलं, "ताई, तुम्ही फक्त खाली या आणि पाइप घेऊन या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाइप कुठे ठेवलाय एवढंच विचारलं.

रविवारी सकाळी सगळी चाळ चौकात. झाडापुढे पाट, पाटावर नारळ, विडा, हळद-कुंकू. बाजूला दोरखंड आणि करवतीचं यंत्र घेऊन झाड तोडणारी दोन माणसं उकिडवी बसलेली, चहा पीत. साइटचा मॅनेजर पण आला होता, परप्रांतातला सभ्य माणूस, पायातले बूट काढून उभा. पुरुष पुढे, टोप्या, रुमाल डोक्यावर, हात जोडलेले, माना खाली. मी पदर खोचला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, राईच्या राजा, बारा वहिवाटीच्या मालका!"

"व्हय म्हाराजा!" सगळा चौक दणाणला. अंगावर काटा आला माझ्या. बाबांचाच सूर लागला होता.

"तुझी ही लेकरां पोटासाठी गाव सोडून हय मुंबैत इली. तेंका आजपर्यंत सांभाळलंस, तसाच फुडे सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो काय नारळ, जा काय पानफूल तुझ्याफुडे ठेवला हा, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत बाबांचं. सेक्रेटरी डोळे मिटूनच पुटपुटला, "आता झाडाची क्षमा माग." मी मागितली.

"ह्या झाड तुझ्या राईतला. तुझो कौल घेवन हाडलेला. ह्येका आमी हवा दिली नाय, धूळ दिली. ता वाढूक नाय ह्यो गुन्हो झाडाचो नाय, आमचो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवय ती सवय. तोंडं उघडली आणि होकार बाहेर पडला. दोन-चार माना वर झाल्या. सेक्रेटरीचे डोळे उघडले. मी थांबले नाही, थांबले असते तर संपलं असतं.

"आजपासून ह्या चाळीतलो परत्येक घरवालो पाळी लावन ह्या झाडाक पाण्यान धुयत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या बायकांचा आवाज जास्त होता. तिसऱ्या मजल्यावरची ती बाई सगळ्यांत मोठ्याने.

"शेजारचो साइटवालो आपल्या मातयेर पाणी मारीत, भिंतीक कापाड बांधीत, उघडो ट्रक भायर काढूचो नाय रे म्हाराजा!"

मॅनेजरला शब्द एक कळला नव्हता. सगळे म्हणतात म्हणून त्याने हात आणखी वर नेऊन, मनापासून, "होय महाराज!" म्हटलं. कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरी दातांवर दात ठेवून म्हणाला, "बस झालं, नारळ फोड." पण नारळ माझ्या हातात होता.

"आणि ह्या झाडाक कुऱ्हाड लावूची नाय, असो आमी सगळ्यांनी मिळान तुका शबुद दिलो, तो पाळून घे रे म्हाराजा!"

कोणीच बोललं नाही.

आता कळलं होतं सगळ्यांना. मान खाली घालून जो तो आपल्या पायाचे अंगठे बघत होता. होकार दिला तर बांधलो गेलो, नाही दिला तर देवाच्या तोंडावर गाऱ्हाणं मोडलं. सेक्रेटरीच्या कपाळावर घाम. त्याला बोलायचंही नव्हतं आणि गप्प राहायचंही भय होतं. मी मनात म्हटलं, संपलं. हे गप्प राहतील, नारळ कोणीतरी काढून घेईल, आणि यंत्र सुरू होईल.

तेव्हा वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, आवाज आला. "व्हय."

आई. खाटेवरून उठून कठड्यापर्यंत कशी आली, देव जाणे. दोन्ही हातांनी कठडा धरला होता. एक शब्द बोलली आणि श्वास संपला. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते, छातीतून शीळ वाजावी तसा आवाज येत होता, तो खालपर्यंत ऐकू येत होता. ताई पाइप टाकून जिन्याकडे धावल्या. आईने हाताने त्यांना थांबवलं. सगळी चाळ मान वर करून बघत होती. गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं, आणि ते पूर्ण करायला एक म्हातारी बाई हवा गोळा करत होती. तेवढी हवा आमच्या चौकात नव्हती. मॅनेजरनेसुद्धा हात जोडलेलेच ठेवले होते. मला ओरडावंसं वाटत होतं की पुरे, आई, नको बोलूस. पण मला माहीत होतं, तिला थांबवायचा अधिकार मला नाही.

"म्हाराजा," आई म्हणाली.

आणि मग चौकातून, आधी बायकांतून, मग पुरुषांतून, "व्हय म्हाराजा!" सेक्रेटरीने सगळ्यात शेवटी म्हटलं, पण म्हटलं. त्याचे डोळे भरले होते. लहानपणी त्याला आईने आमच्याच घरी जेवू घातलं होतं कितीदा. मी नारळ फोडला. झाड तोडणाऱ्यांना त्यानेच सांगितलं, "फक्त वाळका शेंडा काढा. खाली हात लावायचा नाही." मग वळून ताईंना म्हणाला, "तुम्ही तर काही म्हणाला नाहीत. म्हणजे तुम्ही बांधील नाही ना?" ताई जिन्यात होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी तुमच्या देवाला शब्द देत नाही. मी या बाईला दिलाय. आता तो पाइप उचला, पहिली पाळी तुमची."

यानंतर सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही, मी खोटं बोलत नाही. चाळीची पाळी चालते, कुरकुरत चालते, चुकली की मी दार वाजवते. मॅनेजरला त्याने कशाला होकार दिला ते नंतर समजावून सांगितलं, तेव्हा तो बिचारा घाबरला आणि त्याने खरंच भिंतीला हिरवं कापड लावलं. पाणी मारायची आठवण मी त्याला रोज फोनवर करून देते. सुरंगीला खालच्या फांद्यांवर पालवी आली आहे, छोटी, पण आली आहे. फुलेल की नाही मला माहीत नाही. आई अजून खाटेवर असते, पण सकाळी कठड्याला टेकून पाळी कोणाची ते बघते.

परवा मॅनेजर आमच्या दाराशी आला. माझ्या फोनांना वैतागला होता. हिंदीत, नम्रपणे म्हणाला की आजी, अजून दोन टॉवर बाकी आहेत, मी कितीही पाणी मारलं तरी धूळ येणारच, वर्षानुवर्षं येणार, तुम्ही तरी किती दिवस लढणार, दुसरीकडे कुठे का जात नाही? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईने हाताने मला गप्प केलं. तिने श्वास घेतला, पुरता घेतला, सावकाश, आणि त्याच्या डोळ्यांत बघून एका दमात म्हणाली, "येवंदे. आमी खंय जातंव?"